जुबेदा सिस्टरच्या कांड्या

भिवंडीतल्या आमच्या हॉस्पिटलात एका लोखंडी कपाटात जाडजूड फाइल आहे आणि त्या फाइलमध्ये माझ्या हातची एक चूक आहे. इंग्रजीतली तीन अक्षरं. त्यांच्यावरून एक आडवी रेघ, शेजारी माझी सही आणि तारीख. रेघेखालची अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात. ती वाचता यावीत असा आमच्या कामाचा नियमच आहे, पण मला तो नियम जुबेदा सिस्टरांनी शिकवला. त्या तीन अक्षरांपायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. तो माणूस आज धडधाकट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी ते तीन दिवस ज्या धास्तीत काढले, त्या धास्तीत हा मजकूर कुणी वाचावा असं मला वाटत नाही.

मी खारबावची. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर काल्हेरच्या एका गोडाउनमध्ये खोक्यांवर बारकोड मारत होते. मग हॉस्पिटलात नोकरी लागली. तिचं नाव एवढं लांबलचक की आईने ते पाठ करायचा नाद पहिल्याच दिवशी सोडला. "पोर दवाखान्यान लिवायला हाय," असं ती शेजारणींना सांगायची, आणि खरं म्हणजे ते अगदी बरोबर होतं. साखरेच्या आजारावरच्या एका नव्या गोळीची चाचणी आमच्याकडे चालू होती. समजून-उमजून तयार झालेल्या पेशंटना महिन्यातून एकदा बोलवायचं, तपासायचं, आणि जे दिसेल, जे ते सांगतील, ते कागदावर उतरवायचं. हे उतरवणं माझ्याकडे होतं. ते सगळं चालायचं संक्षेपांत. दोन अक्षरं, तीन अक्षरं, मध्येच एखादा बाण. रुजू होतानाच दोनशे संक्षेपांची छापील यादी माझ्या हातात पडली आणि मी ती आठवड्यात घोटून पाठ केली. पाठांतरात मी शाळेपासून पटाईत.

जुबेदा सिस्टर त्या वेळी साठीला टेकल्या होत्या. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, आणि डॉक्टरांनी आग्रह करून या चाचणीच्या कामावर घेतलेल्या. सडसडीत बांधा, सलवार-कमीजवर पांढरा कोट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि गालात कायम एक लवंग. बोलायच्या आधी ती लवंग या गालातून त्या गालात जायची. तेवढ्या वेळात समोरच्याला आपलं काय चुकलं ते बहुतेक आठवायचं.

"पाठ हाय?" त्यांनी माझ्या यादीकडे बघून विचारलं.

"हो सिस्टर. दोनशेच्या दोनशे."

"बरं. मंग त्यातला रँडमायझेशन घरी जाऊन आईला समजव. ती काय बोलली ते उद्या येऊन मला सांग."

मला वाटलं, चेष्टा करतायत. तरी रात्री भाकऱ्या थापणाऱ्या आईसमोर बसून मी सुरुवात केली. कुणाला नवी गोळी, कुणाला जुनी, ते डॉक्टर ठरवत नाही, पेशंट ठरवत नाही, संगणक ठरवतो, पक्षपात होऊ नये म्हणून. मी बरीच बोलले. आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे टॉस. पोरा मॅचच्या आधी नाणा उरवतान, तसा. मंग सरल सांग ना, कनाला एवरा फिरवतस?"

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर सिस्टरांचा चेहरा फुलला. लवंग जागच्या जागी थांबली. त्यांनी खोक्यातून एक कांडी काढली, तिच्यावरची चिठ्ठी उलगडली आणि आपल्या बारीक अक्षरात त्यावर लिहिलं, 'टॉस'. खाली लिहिलं, 'वनिताची आई, खारबाव'. आमच्या दोनशे संक्षेपांच्या शास्त्रात माझ्या चौथी पास आईचं नाव असं नोंदवलं गेलं.

या कांड्यांविषयी सांगायला हवं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आडवा धागा ज्या नळीवर गुंडाळलेला असतो आणि जी इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवतात, ती कांडी. वीतभर लांब. सिस्टरांच्या वडिलांचे बारा लूम होते. पुढे भावांनी धंदा बंद केला आणि लूम भंगारात गेले. त्या दिवशी ट्रक भरत असताना यांनी रिकाम्या कांड्यांचा एक खोका तेवढा उचलून आणला. का आणला ते त्यांनाही माहीत नव्हतं म्हणे. मग एकदा नवीन पोरींना शिकवताना त्यांनी कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या. वरच्या टोकाला संक्षेप, आत पूर्ण शब्द, त्याच्या आत मराठी-हिंदीतला अर्थ, आणि अगदी आत, कांडीला चिकटून, एक प्रश्न. पट्टी कांडीवर गुंडाळायची आणि वर औषधाच्या पुड्यांचं रबर लावायचं.

दुपारी चारला ओपीडी जरा ओसरली की ड्रेसिंगच्या खोलीत चहा यायचा आणि चहाबरोबर खोका. ज्याने त्याने एक कांडी उचलायची आणि पट्टी न उलगडता तोंडी उघडायची, म्हणजे वरच्या अक्षरांवरून आतलं सांगायचं. पूर्ण शब्द सांगितला की त्या म्हणत, "हा झाला पुस्तकातला." अर्थ सांगितला की म्हणत, "हा झाला पेशंटचा. आता आतला?" आतला प्रश्न सगळ्यांचा एकच होता, फक्त वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेला. हे आहे की नाही, ते तुला कसं कळलं? मी पहिल्या दोन पायऱ्या धाडधाड उतरायची आणि तिसरीवर हमखास अडखळायची. "विचारलं म्हणून," असं काहीतरी बोलायची. सिस्टर मान हलवायच्या. ती मान होकाराची की नकाराची, हे मला तेव्हा कळलं नाही.

हा खोका डॉक्टरांनाही माफ नव्हता. आमचे डॉक्टर तरुण, हुशार, पण अक्षर असं की कोंबडा शाईत पाय बुडवून चालून गेलाय. त्यांनी एका पेशंटच्या कागदावर गोळीपुढे एचएस लिहिलं. सिस्टर तो कागद घेऊन भर ओपीडीत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, हे उघडा."

"एचएस, सिस्टर. झोपताना." डॉक्टर हसले.

"कोणी झोपताना?"

"म्हणजे? पेशंट."

"हा पेशंट कधी झोपतो, विचारलंत? त्याची रात्रपाळी हाय. सकाळी नऊला सुटतो, आंघोळ करून झोपतो. गोळी तो नऊला घेतो आणि आपण इथं लिवतो रात्री."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. ज्या गावात निम्मी माणसं दिवसा झोपतात, त्या गावात वाढलेल्या डॉक्टरांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. मी तर तो कागद जसाच्या तसा उतरवून पुढे ढकलला होता. त्या दिवसापासून डॉक्टर घड्याळातली वेळ लिहायला लागले आणि अधूनमधून चारच्या चहाला येऊन बसायला लागले. कांडी उघडताना चुकले की सिस्टर त्यांना एक बिस्कीट कमी द्यायच्या.

आणखी एक. मी पहिल्या पगारातून स्वतःच्या हौसेने व्हाइटनरची बाटली आणली होती. टेबल कसं टापटीप दिसावं. सिस्टरांनी ती दोन बोटांनी उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "आपल्या कामात चुकलेलं झाकायचं न्हाय. एक रेघ मारायची, बाजूला बरोबर लिवायचं, सही करायची. खालचं वाचता आलं पायजे." ती बाटली मला परत मिळाली नाही.

आता रामसूरत.

रामसूरत यूपीचा, पण तीस वर्षं भिवंडीतच. एका कारखान्यात तो सहा लूम सांभाळायचा. सहा लूमच्या खटखटाटात उभं आयुष्य गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि आपलंही कुणाला ऐकू जात नाही असं समजून तो सगळं ओरडूनच बोलायचा. आला की अख्ख्या ओपीडीला कळायचं. चाचणीतला त्याचा तिसरा महिना होता. मी यादी समोर धरली आणि विचारत गेले. डोकं दुखतं? मळमळ? चक्कर? दम लागतो?

"अरे नहीं बहनजी, सब बढ़िया है," रामसूरत प्रत्येक प्रश्नाला ओरडत होता.

वजन केलं. तीन किलोंनी वाढलं होतं. मी खूश झाले. आमच्या घरी वजन वाढलं की माणूस सुधारला असंच समजतात, आणि मी ते त्याला हसून सांगितलंही. मग तपासणीच्या रकान्यात ऐटीत लिहिलं, एनएडी. काही बिघाड आढळला नाही. माझा आवडता संक्षेप. तीन अक्षरांत अख्खा रकाना भरतो.

रामसूरत उठून दाराशी गेला, तेवढ्यात सिस्टर दुसऱ्या खोलीतून आल्या. त्यांनी त्याला तब्येत विचारली नाही. त्या कुणाही कामगाराला तब्येत विचारत नसत. म्हणायच्या, तब्येत विचारली की माणूस ठीकच सांगतो, ठीक नसेल तर कामाची पाळी जाते ना. लहानपणी त्या वडिलांबरोबर कारखान्यात जायच्या. कोण आजारी आहे ते त्यांचे वडील कामगाराच्या तोंडाकडे न बघता, कुठला लूम बंद पडलाय त्यावरून ओळखायचे.

"रामसूरत, आजकल कितने लूम?" सिस्टरांनी विचारलं.

"चार."

"छह थे न?"

"दो भतीजे को दे दिए. सीख रहा है."

"भतीजा कब आया गाँव से?"

रामसूरत पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी पुटपुटला. सिस्टरांनी खाली बघितलं. मीही बघितलं. त्याच्या चपलांचे पट्टे उघडे होते, बंद होतच नव्हते. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, पँट थोडी वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथला खड्डा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतवल्यावर राहतो तसा.

"चलने में दम लगता है," रामसूरत म्हणाला. "लूम से लूम तक जाने में. बोलता तो आप लोग नाम काट देते. फिर जाँच भी बंद, दवा भी बंद."

नाव कमी झालं तरी उपचार थांबत नाहीत, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं. ते मीच त्याला वाचून दाखवलं होतं, शुद्ध हिंदीत, एका दमात.

डॉक्टर धावत आले. छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. अंगात पाणी साठत होतं, ते फुप्फुसांपर्यंत पोचलं होतं. माझे ते आनंदाचे तीन किलो म्हणजे पाणी होतं. गोळी तिथल्या तिथे बंद झाली, ऑक्सिजन लागला, ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला अँब्युलन्स आली. आणखी दोन-तीन दिवस तो तसाच कारखान्यात उभा राहिला असता तर उभ्या उभ्या गेला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

मी तो कागद हातात धरून उभी होते. मला तो फाडायचा होता. दुसरा कोरा कागद घ्यायचा, पुन्हा भरायचा, दहा मिनिटांचं काम. स्ट्रेचरबरोबर निघालेल्या सिस्टर दारात थांबल्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"फाडू नको पोरी. एक रेघ मार. किती वाजता कळलं ते पण लिव." आणि त्या अँब्युलन्समध्ये चढल्या.

मी रेघ मारली. ती सरळ आली नाही.

पुढचे दोन दिवस काही धड कळेना. मशीनवर ठेवलंय, बघू, सांगता येत नाही. दोनशे संक्षेप मला अजूनही पाठ होते आणि त्यातला एकही उपयोगाचा वाटत नव्हता. मी एका माणसाला मारलं, हेच मनात. आई नुसती माझं ताट झाकून ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सिस्टरांचा फोन आला.

"वनिता, उठून बसला. चाय मागतोय. नर्सवर ओरडतोय, साखर टाका म्हणून."

मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसले आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, बारावीचा निकाल लागला तेव्हाही नाही. जिना पुसणाऱ्या बाईंनी मला उठवलं नाही, माझ्या दोन्ही बाजूंनी पुसून गेल्या.

सिस्टर परत आल्यावर मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. चारच्या चहाला खोका आला आणि त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. वरच एनएडीची कांडी होती. जुनी पट्टी काढून नवी गुंडाळलेली. मी उलगडत गेले. अगदी आत, कांडीला चिकटून लिहिलं होतं, 'विचारलं का? पाहिलं का? हात लावला का? मग लिव.' मी ते मोठ्याने वाचलं. डॉक्टरांनी स्वतःच्या वाटणीचं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं.

महिन्याभराने चाचणीवर देखरेख करणारा एक अधिकारी मुंबईहून आला. त्याने फाइली उघडल्या आणि नेमका त्या पानावर थांबला. रेघेवर पेन ठेवून त्याने विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हणाले, मी. खोडलं कुणी? मीच. मग त्याने वेळ बघितली, रिपोर्ट बघितले, सगळं एकमेकांना जुळलं, आणि त्याने पान उलटलं. नंतर त्याची नजर कांड्यांवर गेली. हे काय, असं त्याने विचारलं. शिकवायचं साहित्य, असं सिस्टरांनी सांगितलं. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "याचा आवृत्ती क्रमांक काय?" शिकवायच्या प्रत्येक कागदाला असा क्रमांक लागतो म्हणे. सिस्टरांची लवंग दोनदा या गालातून त्या गालात गेली. दुसऱ्या दिवशी खोक्यावर मार्करने लिहिलेलं होतं, 'आवृत्ती ३. पहिली अब्बांची.'

त्यानंतर वर्षभराने सिस्टर निवृत्त झाल्या आणि मुलाबरोबर काल्हेरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेल्या, सातव्या मजल्यावर. खोका माझ्याकडे ठेवून गेल्या. निरोपाच्या वेळी भाषण करायला लावलं तर "चहा थंड होतोय" एवढंच बोलल्या.

चाचणी संपायच्या आधी रामसूरत शेवटच्या तपासणीला आला. ती गोळी त्याला केव्हाच बंद होती, तरी नियमाप्रमाणे शेवटपर्यंत बघावं लागतं. मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कितने लूम?"

"चार," तो पूर्वीसारखा ओरडला. मग हसायला लागला. "और भतीजा अब सच में आ गया है. दो वो चलाता है. सिस्टर को बोलना, इस बार झूठ नहीं है."

मी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा राहिला नाही. मग लिहिलं.

हा निरोप फोनवर सांगण्यासारखा नव्हता, म्हणून रविवारी काल्हेरला गेले. बेल वाजवल्यावर सिस्टरांना दारापर्यंत यायला वेळ लागला. आधी त्या खुर्चीवर बसल्या, मग बोलल्या. भतीजाची गोष्ट ऐकून त्यांनी टाळी वाजवली. "उघडून लिवलंस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"आणि तुमची तब्येत, सिस्टर?"

"ठीक हाय."

हे शब्द माझ्या ओळखीचे होते. असल्या शब्दांवर विश्वास ठेवून मी एकदा अख्खा रकाना भरला होता.

"लिफ्ट बंद असते तेव्हा एका दमात किती मजले चढता?" मी विचारलं.

लवंग थांबली. "सात."

"सिस्टर."

त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. "दोन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर बसते. वॉचमनने खुर्ची ठेवलीय तिथं. पोराला सांगू नको, तो उगाच घाबरतो." मी त्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक होती. त्यांनी मला ओढू दिली. तेवढ्यानेच मला समजलं की त्या आतून किती घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मुलासकट आमच्याच डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले, "एचबी खूपच कमी आहे सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "उघडा साहेब." मग डॉक्टरांनी उघडलं. रक्तातलं लोह घटलेलं, हृदय ठणठणीत, पोटाच्या सगळ्या तपासण्या केल्या, त्यातही वाईट काही निघालं नाही. इंजेक्शनं, गोळ्या आणि तीन महिने धीर. मुलाने बाहेर येऊन भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. मीही.

परवा त्यांच्या गोळ्या पोचवायला गेले तर टॉवरची लिफ्ट बंद होती आणि सिस्टर नेमक्या भाजी घेऊन खालीच उभ्या. पिशवी मी मागितली, ती दिली. बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. "तू इथंच थांब. वर बघ." आणि कठड्याला हात लावत चढायला लागल्या. जिन्याला दर मजल्यावर एक खिडकी आहे. पहिल्या खिडकीतून पांढरी ओढणी गेली, मग दुसऱ्या. दुसरीवर मी श्वास रोखला, पण ओढणी थांबली नाही. तिसरीतूनही गेली. मग बराच वेळ काही दिसेना. शेवटी चौथ्या खिडकीतून एक हात बाहेर आला, चार बोटं उघडलेली, आणि हातामागून त्यांचा चेहरा. त्यांना दम लागला होता, आणि त्या तो लपवत नव्हत्या.